लेबलचा प्रिंटर काळी चारमध्ये रडतो

मा. संपादक यांस सप्रेम नमस्कार,

तुमचा पेपर मी मोबाईलवरच वाचते, छापलेला अंक आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारात येईपर्यंत बातमी शिळी झालेली असते. पत्रांचं पान मात्र मी सोडत नाही. आवाजाबद्दल तुमच्याकडे बरीच पत्रं येतात पण सगळी डीजे, लाऊडस्पीकर, मिरवणूक, लग्नाची वरात ह्याच्यावर. माझं पत्र ब्रेडच्या मोठ्या पुड्याएवढ्या एका मशीनबद्दल आहे, कुरियरच्या पाकिटावर चिकटवायची लेबलं छापणारा थर्मल प्रिंटर, आणि मजा म्हणजे ह्या तक्रारीत आरोपी मीच आहे.

झालं असं की बँकेतून रिटायर झाल्यावर मी घरी मेतकूट, थालिपिठाची भाजणी, लसणाची चटणी असं करून विकायला लागले, आधी ओळखीत, मग भाच्याने ऑनलाईन टाकून दिलं आणि पुण्या-बंगळूरहून ऑर्डरी यायला लागल्या. सुरवातीला साध्या कागदावर पत्ता छापून वर चिकटपट्टी लावायचे, पावसाळ्यात शाई पसरली की कुरियरवाला पाकीट परत आणून द्यायचा. म्हणून हा प्रिंटर घेतला, चार बाय सहा इंचाचं लेबल काढणारा. दुकानदाराचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाहीये, पण मी त्याला स्पष्ट विचारलं होतं की भाऊ, आमचं घर जुनं आहे, रात्री काम चालतं, आवाज किती? तर म्हणे, "बेन, थर्मल छे, अवाज ज नथी आवतो." खोक्यावर बघितलं, स्पीड लिहिलेला, डॉट किती ते लिहिलेलं, वजनसुद्धा लिहिलेलं, आवाजाचं एक अक्षर नाही.

मी विश्वास ठेवला कारण माझ्या डोक्यात तुलना होती ती बँकेतल्या डॉट मॅट्रिक्सशी. ज्यांनी पासबुक भरून घेतलंय त्यांना तो आवाज माहीत आहे, टर्रर्र टर्रर्र, पंचवीस वर्षं तो ऐकला मी. त्यात बारीक सुया असतात आणि त्या रिबिनीवर आपटून अक्षर उमटतं, म्हणजे शब्दशः बारीक हातोड्याच चालू असतात. थर्मलमध्ये आपटणं हा प्रकारच नाही. छापणाऱ्या डोक्याच्या (हेडच्या) जागी एक पट्टी असते, तिच्यावर एका इंचात २०३ बारीक गरम होणारे ठिपके, कागदावर आधीच असं रसायन लावलेलं की उष्णता लागली की काळं होतं. शाई नाही, रिबिन नाही. एटीएमची चिठ्ठी, पेट्रोल पंपाची पावती, सगळं हेच. (आणि म्हणूनच ती पावती गाडीत उन्हात राहिली की काळवंडते किंवा उडून जाते, ते वेगळं दुःख.) म्हणजे छपाई खरोखर गुपचूप होते. पण कागद पुढे सरकवायला मोटर लागते, रबराचा रूळ लागतो, दाते लागतात, मागे लेबलांचा रोल फिरतो, लेबल सुटताना चर्र होतं, आणि वर बीप. म्हणजे छापणं सोडून बाकी सगळ्याला आवाज आहे.

मार्चमध्ये प्रिंटर आला, नोव्हेंबरपर्यंत कोणी हूं की चूं केलं नाही. दिवाळीत तर रोजची शंभरेक लेबलं निघत होती. आणि डिसेंबरच्या मध्याला एक दिवस खालचे काका जिन्यात थांबले आणि म्हणाले, "अगं, तू रात्री वर काय दळतेस?" मी म्हटलं काका, भाजणी तर मी सकाळी गिरणीतून आणते. ते म्हणे, दळण नाही, काहीतरी रडतं. दर दोन-तीन मिनिटांनी रडतं आणि गप होतं.

काका ऐंशीच्या पुढचे आहेत. सूरसागरच्या काठी जे म्युझिक कॉलेज आहे, सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली गायनशाळा काढली होती त्याचंच पुढे झालेलं, तिथे ते तरुणपणी तबला शिकले. नोकरी रेल्वेत केली पण कान तिथलाच राहिला. असा माणूस खाली झोपलेला आणि वर मी, म्हणजे माझं नशीबच म्हणायचं.

मला आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. नवरात्रात इथे काय असतं ते बडोद्याच्या बाहेरच्यांना सांगून कळणार नाही. नियमाप्रमाणे रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, पण सरकार वर्षात जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्यातले बरेचसे गरब्यात जातात. तेव्हा काका खिडकी उघडी टाकून बसतात आणि मांडीवर ठेका धरतात. आणि माझा एवढासा प्रिंटर त्यांना झोपू देत नाही? मी बोलले पण तसं. त्यावर ते शांतपणे म्हणाले की गरबा तालात असतो, पुढची टाळी कधी येणार ते मला माहीत असतं. तुझं मशीन एकदा वाजतं, मग गप. आता परत कधी वाजेल ह्याची वाट बघत मी पडून राहतो, आणि वाट बघणाऱ्याला झोप येत नाही.

मग मी ठरवलं की स्वतः ऐकायचं. भाचीला वर बसवलं, सांगितलं दर दोन मिनिटांनी एक लेबल काढ, आणि मी काकांच्या खोलीत खाटेवर बसले, काकू आतून चहा घेऊन आल्या, दिवा बंद, पंखा बंद. संपादकसाहेब, मी थक्क झाले. वरती माझ्या कानाजवळ जो आवाज येतो तो कागदाची सळसळ जास्त आणि मोटर कमी असा असतो. खाली सळसळ काहीच नाही, फक्त एक सरळ सूर, ऊंऊंऊं, दीड सेकंद, छतातून. भिंतीतून नाही, छतातून. आणि त्याच्या शेवटी एक बारीक खुळखुळ. काका म्हणाले, "काळी चार. जरा उतरलेली आहे." काळी चार म्हणजे पेटीवरच्या चौथ्या काळ्या पट्टीचा सूर.

मला वाटलं गंमत करतायत. नंतर वर येऊन कागदावर हिशोब मांडला. माझं मशीन सेकंदाला चार इंच कागद सरकवतं, इंचात २०३ ओळी, म्हणजे सेकंदाला ८१२ ओळी. मोटर सलग फिरत नाही, ती टप्प्याटप्प्याने फिरते, आणि ओळीला एक टप्पा धरला तर सेकंदाला ८१२ धक्के, म्हणजेच ८१२ कंपनांचा सूर. काळी चार वरच्या सप्तकात ८३० च्या आसपास येते. म्हणजे खरंच काळी चार आणि खरंच जरा उतरलेली! मी खाली जाऊन सांगितलं तर काकांना काहीच नवल नाही, ते म्हणे मग, मी काय सांगत होतो.

आता हा सूर खाली पोचतो कसा. आमचं घर पोळीतल्या (पोळ म्हणजे जुन्या शहरातली गल्लीची वस्ती) जुन्या घरांसारखंच, लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पातळशी फरशी. प्रिंटर ठेवलेला सासऱ्यांच्या सागवानी टेबलावर, खाली चार खण, त्यातले दोन रिकामे, आणि एकात बरण्यांची जास्तीची झाकणं. मोटर थरथरते, टेबल थरथरतं, रिकामे खण घुमतात, पाय तुळईवर, तुळई काकांच्या खाटेच्या बरोबर वरून जाते. काकांनी वर येऊन टेबलावर टिचकी मारून बघितली, कान लावला आणि निकाल दिला, हे टेबल नाहीये, हा तंबोऱ्याचा भोपळा आहे. ती खुळखुळ होती ती झाकणांची.

ह्याच्यावर मी पहिला उपाय केला तो अगदी बाईमाणसाचा म्हणा, प्रिंटरवर जुनी गोधडी घातली. आवाज वर थोडा दबला, खाली तसूभर फरक नाही, कारण खाली जाणारा आवाज हवेतून जातच नव्हता. आणि अठरा-वीस लेबलं झाल्यावर मशीन मध्येच थांबलं, लाल दिवा. डोकं तापलं की ते स्वतःहून थांबतं आणि निवेपर्यंत वाट बघतं, मला वाटलं बिघडलं, तीन हजारांचं नुकसान. तेव्हा कोणी प्रिंटर झाकून ठेवायचा विचार करत असेल तर करू नका.

दुसरा उपाय योगाची चटई घडी घालून खाली. थोडा फरक. तिसरा लागू पडला आणि तो मला आमच्या वॉशिंग मशीनवाल्या मेकॅनिकने सांगितला, की नुसतं मऊ ठेवून उपयोग नाही, मऊच्या वर जड पाहिजे. ओट्याच्या कामातून उरलेला कडप्प्याचा दीड फुटाचा तुकडा होता, त्याच्या चार कोपऱ्यांना खाली जाड रबराची बुटं, वॉशिंग मशीनच्या पायाखाली घालतात ती, आणि कडप्प्यावर प्रिंटर. वर जड दगड, खाली लवचिक रबर, मोटरला एवढा दगड हलवता येत नाही आणि जे हलतं ते रबर खातं. झाकणं खणातून काढली, टेबल तुळईवरून उचलून जिन्याच्या पक्क्या भिंतीकडे सरकवलं. खर्च बुटांचा तेवढा.

मग स्पीड. सेटिंगमध्ये चारचं दोन केलं. लेबलाला दीड सेकंदाच्या जागी तीन सेकंद लागतात, चाळीस लेबलांना एकाऐवजी दोन मिनिटं, एवढी काही माझी गाडी सुटत नाहीये. आणि सूर बरोबर अर्धा, म्हणजे काळी चारच पण खालच्या सप्तकात, कानाला कमी टोचतो. बीप बंद केला. अजून एक गोष्ट मला अपघाताने कळली. माझ्या लेबलावर वर एक मोठा काळा चौकोन होता, त्यात पांढऱ्या अक्षरात घरगुती वगैरे लिहिलेलं, भाच्याची डिझाईन. तो चौकोन छापताना मशीन चर्र-चर्र करायचं आणि बाकी पत्ता छापताना नाही. कारण एवढा मोठा भाग एकदम तापवला की कागदाचा लेप डोक्याला क्षणभर चिकटतो आणि सुटतो, चिकटतो आणि सुटतो. चौकोन काढून नुसती चौकट ठेवली, आवाज गेला आणि डोकंही कमी झिजेल. स्पिरिटने महिन्यातून एकदा डोकं पुसायचं असतं तेही मी वर्षभर केलेलं नव्हतं, ते केलं.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त फरक फुकटातल्या गोष्टीने पडला. मी एक पाकीट भरायचे, एक लेबल काढायचे, मग दुसरं पाकीट, असं अकरापासून साडेबारापर्यंत. आता सगळी लेबलं पावणेदहाला एकदम काढते, ताटात रांगेने लावून ठेवते, मग निवांत पाकिटं भरते. दीड तास तुटक-तुटक रडण्याच्या जागी दोन मिनिटांचा एक सलग सूर. काका म्हणाले, हे चालेल, ह्याला निदान सम आहे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेसारखी ठरलेली जागा.

राहिला तो प्रश्न की मार्च ते नोव्हेंबर त्यांना ऐकू कसं आलं नाही. उत्तर माझ्या डोक्यावर फिरत होतं. पंखा! बडोद्यात मार्च ते नोव्हेंबर रात्री पंखा बंद करायची कोणाची हिंमत नाही. डिसेंबरात थंडी पडली, काकूंनी पंखा बंद केला आणि माझा प्रिंटर उघडा पडला. फोनवरच्या ॲपने मी मोजलं होतं, फोनचा माईक काही प्रयोगशाळेतला नसतो त्यामुळे आकडा पक्का धरू नका, फक्त फरक बघा. प्रिंटरजवळ ५५ डेसिबलच्या आसपास, खाली खाटेवर जेमतेम ३६, आणि पंखा लावला तर पंखाच ४५ च्या वर. म्हणजे पंख्याखाली माझा आवाज पूर्ण बुडालेला.

आणि इथे कायद्याचा आकडा किती अपुरा आहे ते बघा. २००० सालच्या ध्वनी प्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, आणि ती सरासरी असते. माझ्या चाळीस लेबलांची अख्ख्या रात्रीवर सरासरी काढली तर मर्यादेच्या जवळपासही येणार नाही. काका पोलिसात गेले असते तर हसले असते लोक. बरं, नियमाचा हेतू वेगळाच आहे, तो लाऊडस्पीकर नि कारखान्यांसाठी आहे, मी त्याला दोष देत नाही. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शनात झोपायच्या खोलीतल्या सलग आवाजासाठी ३० डेसिबल हा आकडा दिलाय, माझा आवाज तुटक असला तरी वाजतो तेव्हा काकांचं ३६ त्याच्या वरच होतं. डेसिबलचा हिशोब साधा नसतो, १० वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं. आणि दोन सारखे प्रिंटर लावले तर आकडा दुप्पट होत नाही, फक्त ३ ने वाढतो, हे माझ्या भाच्याला मी तीनदा सांगितलंय तरी तो ११० म्हणतो.

हे सगळं घरगुती म्हणून सोडून दिलं असतं, पण जानेवारीत काकूंना दवाखान्यात ठेवलं होतं, कुठल्या ते सोडा, रात्री सोबतीला मी होते. वॉर्डाच्या दाराशीच सिस्टरचं टेबल, त्यावर दोन लेबल प्रिंटर, एक रक्ताच्या नळ्यांना लावायच्या लेबलांचा आणि एक मनगटाच्या पट्ट्यांचा, एकाला कटर. ऊं… खट्. ऊं… खट्. पत्र्याचं टेबल. दर खट्ला पलीकडच्या खाटेवरची म्हातारी डोळे उघडायची. दवाखान्याच्या बाहेर शंभर मीटर शांतता क्षेत्राची पाटी आहे, रिक्षावाल्याला हॉर्न वाजवू देत नाहीत, रात्रीची मर्यादा ४०. आणि आत पत्र्यावर कटर. सिस्टरला मी विचारलं तर बिचारी म्हणाली, मला तर आता ऐकूच येत नाही. तिची काय चूक, लेबल चुकलं तर रक्त दुसऱ्याचं व्हायचं, ते छापायलाच पाहिजे. दुसऱ्या रात्री मी घरून एक जाड रबराचा तुकडा नेला आणि तिला विचारून मशीनखाली सरकवला. खट् राहिलं पण पत्र्याचा दणका गेला. दवाखाने एवढे खर्च करतात, खरेदी करताना कोणी आवाज विचारत असेल का?

म्हणून हे पत्र. माझं मागणं एवढंच की प्रिंटर विकणाऱ्यांनी खोक्यावर आवाजाचा आकडा छापावा, आणि तो किती अंतरावरून मोजला तेही. अंतराशिवाय आकड्याला अर्थ नाही, मोकळ्यात अंतर दुप्पट केलं की ६ डेसिबल कमी होतात, त्यामुळे विकणारा लांबून मोजून कितीही छान आकडा देऊ शकतो. मोजायची पद्धत नवी शोधायची नाहीये, ऑफिसातल्या मशीनींसाठी आयएसओ ७७७९ हे स्टँडर्ड आहेच. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीनच्या लेबलावर आवाजाचे डेसिबल आणि त्याची अ-ब-क-ड सारखी श्रेणीसुद्धा छापतात. आपल्याकडे एसीच्या जाहिरातीत डेसिबल मिरवतात, मग घराघरातून धंदा करणाऱ्या बायकांच्या मशीनवर का नको? आमच्या एका पोळीत साड्या, राख्या, खाखरे, दागिने असं विकणारी माझ्या माहितीतली सहा-सात घरं आहेत, सगळ्यांकडे हाच प्रकार, सगळ्यांचं काम रात्री, आणि प्रत्येकाच्या खाली कोणीतरी झोपलेलं. तुमच्या पेपरात मोबाईलचे कॅमेरे तपासतात तसे कधी हे प्रिंटरही तपासा, आणि कृपा करून लाकडी टेबलावर ठेवून तपासा, गादीवर नको.

परवा काकांना जिन्यात विचारलं, आता कसं काय? म्हणाले, प्रिंटरचं काही नाही, तो गेला. पण साडेअकराला वर कोणीतरी फर्रर्रकन कापड फाडतं, ते काय आहे? ती माझी पाकिटं बंद करायची ब्राऊन टेप. प्रिंटरपेक्षा मोठा आवाज, आणि त्याला ना स्पीडचं सेटिंग ना खाली ठेवायला कडप्पा. सावकाश ओढून बघितली तर जास्तच किंचाळते, झटक्यात ओढली तर काकू उठतात. कोणा वाचकाकडे उपाय असेल तर ह्याच पानावर जरूर लिहा.

आपली नम्र,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे
(नाव छापू नका, काका रोज पेपर वाचतात.)